श्रवणयंत्र लावल्यावर ऑडिओबुकाचा सराव: नेमका कसा करायचा? (नाशिक)

गोदाकाठची

इंदिरानगरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटासाठी माहिती जमवतेय. गटात आठ-दहा जणांना श्रवणयंत्रं आहेत, एका काकूंना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) आहे. तक्रार सगळ्यांची एकच: "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." ऑडिओबुकं ऐका, असा सल्ला बहुतेकांना मिळालाय. त्यापुढे काय, हे कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे फोन ओट्यावर ठेवून, भाजी निवडता निवडता दोन-दोन तास पुस्तक चालू असतं आणि महिन्याने "काही उपयोग नाही हो" असं ऐकायला मिळतं. किती वेळ ऐकायचं, कोणतं पुस्तक घ्यायचं, फोन यंत्राला कसा जोडायचा, फरक पडतोय की नाही हे कसं मोजायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. गटात वाचून दाखवणार आहे.

कर्णिका

(व्यवसायाने ऑडिओलॉजिस्ट.)

आधी त्या तक्रारीबद्दल. अ, आ, ओ हे स्वर खालच्या वारंवारितेचे आणि जोरकस असतात. वयामुळे किंवा कारखान्यातल्या गोंगाटामुळे ऐकू कमी होतं, ते बहुधा वरच्या पट्टीतलं. स, श, फ, ख, थ, त, क यांना ओळख देणारा आवाज तिथेच असतो, आणि तो मुळात क्षीण असतो. 'स'चा बराचसा भाग ४००० हर्ट्झच्या वर आहे. म्हणजे वाक्याचा सांगाडा पोचतो आणि सांधे गळतात. "आवाज येतो, शब्द कळत नाहीत" ही तक्रार तंतोतंत खरी आहे, ते काही बहाणे नव्हेत.

यंत्र ती वरची पट्टी पुन्हा कानापर्यंत आणतं. पण ज्या आवाजांवाचून मेंदूने पाच-सात वर्षं काढली, ते एकदम परत आले की सुरुवातीला नुसती खरखर वाटते. त्यांची शब्दांशी गाठ पुन्हा घालून द्यायची, यासाठी सराव.

ओट्यावरचं ऐकणं हा सराव नाही. करमणूक म्हणून खुशाल ऐकावं. पण चूक झाली हे कळतच नसेल, तर कान सुधारणार कशाने? थांबायचं, ऐकलेलं वाक्य मोठ्याने म्हणायचं आणि छापील मजकुराशी ताडायचं, या तीन गोष्टी असतील तरच तो सराव.

एका बैठकीला २० ते २५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्यापुढे कान दमतो आणि माणूस अंदाजाने उत्तरं द्यायला लागतो. बैठक साधारण अशी:

पुस्तकातला दोनेक मिनिटांचा तुकडा घ्या, म्हणजे दीड-दोनशे शब्द. मजकूर घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असू दे. पहिल्यांदा सलग ऐका आणि विषय काय तेवढंच सांगा. दुसऱ्यांदा प्रत्येक वाक्यानंतर थांबवा आणि ऐकू आलं तसं म्हणा. सुधारून, जुळवून नको. समोरचा माणूस चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारेल, मध्ये बोलणार नाही. मग फक्त चुकलेली वाक्यं मजकूर समोर धरून दोनदा ऐका, आणि लगेच मजकूर झाकून पुन्हा एकदा. हा शेवटचा फेरा लोक टाळतात, आणि खरं काम तिथेच होतं.

बरोबर शब्द भागिले एकूण शब्द गुणिले १००, एवढंच गणित. ९०च्या वर सलग तीन दिवस गेलात तर तुकडा अवघड करा. ६०च्या खाली असाल तर सोपा करा. रोज ४० टक्क्यांवर कुढत बसण्यात काही हशील नाही.

झब्बू

गती कमी करून ऐकलं तर? ०.५ वर ठेवलं की सगळं सुटं सुटं होतं. आमच्याकडे तसंच चालू आहे.

कर्णिका

०.५ नको. माणूस सावकाश बोलतो तेव्हा तो मुख्यतः शब्दांमधल्या जागा आणि स्वर लांबवतो. अ‍ॅप सगळंच ताणतं. त्यात 'त', 'क', 'प' यांचा क्षणिक फटकारा पसरट होतो आणि नेमकी जी खूण शिकायची तीच पुसली जाते. ०.८५पर्यंत ठीक, फार तर ०.८. त्याहून सावकाश हवं असेल तर गती १ ठेवा आणि थांबे वाढवा, दर अर्ध्या वाक्याला थांबा. शेवटी बँकेतला कारकून काही ०.५च्या गतीने बोलणार नाही.

सातपूरकर

जोडणीबद्दल लिहितो, कारण निम्मी गडबड तिथेच असते.

आयफोनशी थेट जोडणारी यंत्रं २०१३पासून आहेत. अँड्रॉइडमध्ये श्रवणयंत्राला थेट आवाज पाठवायची 'आशा' नावाची सोय अँड्रॉइड १०पासून आली, पण फोन आणि यंत्र दोन्हींनी ती ओळखली पाहिजे. नुसतं "ब्लूटूथ आहे" यावर विसंबून फोन घेऊ नका. दुकानात स्वतःचं यंत्र नेऊन, जोडून, पाच मिनिटं ऐकूनच घ्या. अलीकडच्या यंत्रांत एलई ऑडिओ (ब्लूटूथचा नवा प्रकार) असतं, तिथेही हाच नियम.

ब्लूटूथ नसलेल्या यंत्रात टेलिकॉइल (चुंबकीय लहरींतून आवाज पकडणारी तारेची गुंडाळी) असेल तर गळ्यात घालायचा नेकलूप मिळतो. तो ३.५ मिमीच्या जॅकला लावायचा, फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर. यंत्र 'टी'वर, म्हणजे टेलिकॉइलवर, टाकायचं. 'टी'वर गुंईई असा घरघराट आला तर जवळपास मिक्सर, ट्यूबलाइटचा चोक किंवा इन्व्हर्टर आहे, जागा बदला.

काहीच नसेल तर कानावर पूर्ण बसणारे मोठ्या वाट्यांचे हेडफोन. कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या वरच्या टोकाशी असतो, त्यामुळे वाटी जरा वर सरकवून माइक आत घ्यावा लागतो. शिट्टी वाजली की वाटी फार जवळ आहे. इअरबड यंत्रासोबत बसतच नाहीत. आणि यंत्र काढून ठेवून हेडफोनचा आवाज चढवणं ही सगळ्यात वाईट युक्ती. यंत्र ज्या पट्टीत कमी ऐकू येतं तिथेच आवाज वाढवतं, हेडफोन सरसकट वाढवतो. खालचे सूर कानठळ्या बसवतात आणि 'स' तरीही हरवलेलाच. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. उरलेलं ऐकू येणं सांभाळायचं असेल तर ती विसरू नका.

एकच यंत्र असेल तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू करा. नाहीतर नाट्यरूपांतरात एका बाजूचं पात्र गायब होतं आणि बिचाऱ्या कानाला दोष लागतो.

गंगापूररोडवरून

सातपूरकर, थेट कानात आवाज सोडला की फारच छान ऐकू येतं, पण खोलीत समोरचा माणूस बोलला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग अशा सरावाचा फायदा काय?

सातपूरकर

बरोबर पकडलंत. ब्लूटूथने आवाज येतो तेव्हा यंत्राचा माइक, खोलीचा घुमारा, अंतर हे सगळं वगळलं जातं. म्हणून ती पहिली पायरी समजा. पहिले दोन आठवडे थेट, मग स्पीकरवर. स्पीकर समोर एक मीटरवर, कानाच्या उंचीला, आवाज नेहमीच्या बोलण्याएवढा. नव्या फ्लॅटमध्ये टाइल्स, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या, त्यामुळे दिवाणखाना घुमतो. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा, आणि पंखा बंद. बेडरूममध्ये गादी आणि कपड्यांमुळे आपोआप बरं पडतं.

अक्षरमाळ

मराठीपुरतं सांगतो. इंग्रजी सरावाच्या याद्या इथे कामाच्या नाहीत, आपली गळती वेगळ्या जागी आहे.

पहिली जागा शब्दाच्या शेवटी. आपले विभक्तीचे आणि लिंग-वचनाचे प्रत्यय शब्दाच्या शेपटीला असतात आणि बोलताना शेपूट हळू पडतं. एक वाक्य घ्या:

"आजीनं मुलांना ताक दिलं आणि मग दार लावून घेतलं."

ऐकणारा म्हणतो: "आजी मुलाला ताट दिलं आणि मग दार लावून घेतलं."

नऊ शब्दांत तीन चुका. 'नं' गळला, 'मुलांना'चं 'मुलाला' झालं, 'ताक'चं 'ताट' झालं. "गोष्ट कळली का?" असं विचारलं तर उत्तर येणार "हो, कळली की!" कारण आजी ताटही देऊ शकते. गुण पूर्ण, कान मात्र ६७ टक्के. म्हणून शब्दागणिक ताडणं हवं. घर-घरं, झाड-झाडं, गेला-गेली-गेले, मुलाने-मुलांनी यांवर रेघा जास्त दिसल्या तर पुढच्या आठवड्यात मुद्दाम अशीच वाक्यं निवडा.

दुसरी जागा महाप्राण, म्हणजे 'ह' मिसळलेली व्यंजनं: पाट-पाठ, ताट-ताठ, दार-धार, गर-घर, काल-खाल. 'ह'ची फुंकर फार क्षीण असते.

तिसरी मूर्धन्य-दंत्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळते की दातांशी टेकते: मन-मण, काल-काळ, माल-माळ. यातला फरक मुख्यतः २०००-३००० हर्ट्झच्या आसपास ऐकू येतो. ज्यांचा ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) तिथपर्यंत बरा आहे आणि नंतर घसरतो, त्यांना ही जोडी जमते आणि साल-शाल जमत नाही. उलटही दिसतं. आपल्या ऑडिओग्रामवर बोट ठेवून यादी निवडा, सरसकट सगळं नको.

चौथी आपल्या दंततालव्य (दात आणि टाळूच्या मधल्या) 'च'ची. चमचा, चाक, चोर यांतला 'च' हा 'त' आणि 'स' यांच्या मिश्रणासारखा आहे. 'स'चा भाग गळला की चाकाचं ताक होतं. शब्दश: :)

जोड्यांचा सराव रोज पाच मिनिटं, पुस्तकाच्या आधी. घरच्याने एक शब्द म्हणायचा, ऐकणाऱ्याने कागदावरच्या दोनांपैकी एकावर बोट ठेवायचं. वीस शब्द. नुसत्या नशिबानेही दहा बरोबर येतात, त्यामुळे १२-१३ला आनंद नको. १७-१८ आले की जोडी बदला.

पावशेर

घरच्याने म्हणताना ओठ दिसतात त्याचं काय? तोंडावर वही धरली की आवाजच बदलतो.

अक्षरमाळ

वही, हात, मास्क, तिन्हींमुळे वरची पट्टी दबते. भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये पातळ मलमल ताणून बसवा आणि ओठांसमोर चार बोटांवर धरा. ओठ झाकले जातात, आवाज जवळजवळ जसाच्या तसा येतो. जुन्या स्पीकरची जाळीदार कापडी टोपी असेल तर तीही चालते. नाहीतर शेजारी, किंचित मागे बसून बोला. पण एक कान कमजोर असेल तर बसायची बाजू रोज तीच ठेवा.

गंगापूररोडवरून

पुस्तक निवडण्याबद्दल थोडं. स्टोरीटेल या ऑडिओबुकांच्या अ‍ॅपवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत. निवडताना पाच मिनिटांचा नमुना ऐका आणि हे बघा: एकच निवेदक, मागे संगीत नाही, वाक्यं आटोपशीर. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी सतार वाजत असेल तर तेवढं सोडून द्या. वाचनाखाली सतत संगीत असेल तर ते पुस्तक पहिल्या दोन महिन्यांसाठी बाद. श्रुतिका, घोड्यांच्या टापा, पावसाचे आवाज यांचाही मोह नंतर.

वरची पट्टी गेलेल्यांना पुरुषाचा आवाज बहुधा सोपा जातो, त्यापासून सुरुवात करावी. पण तिथेच थांबू नये, कारण घरात सुना-नातींचे आवाज ऐकायचेच आहेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाईचा आवाज, मग वेगळ्या ढंगाचा निवेदक.

आधी वाचलेलं पुस्तक, मग ओळखीच्या लेखकाचं न वाचलेलं, मग प्रवासवर्णन किंवा चरित्र. कविता शेवटी. पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज कवितेत बांधता येत नाही.

छापील प्रत हवीच. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०पासून आहे, मराठी जुन्या-नव्या पुस्तकांचा साठा मोठा आहे. ऑडिओ आधी ठरवून मग पुस्तक शोधण्यापेक्षा उलट करा, हाती असलेल्या पुस्तकाचा ऑडिओ आहे का ते बघा. आणि ऑडिओ संक्षिप्त आवृत्तीचा नाही ना, हे पहिल्या दोन पानांत तपासा. मजकूर जुळत नसला की निम्मा वेळ "कुठाय, कुठाय" करण्यात जातो.

बागलाणी

गटात सटाणा, कळवण, मालेगावकडचे लोक असतील तर एक लक्षात घ्या. ज्यांच्या घरात जन्मभर अहिराणी बोलली गेली, त्यांना पुस्तकी मराठी अशी अडखळत ऐकायला लावली की चुका कानाच्या किती आणि भाषेच्या किती हे कळत नाही. पहिले काही आठवडे घरच्या माणसाने अहिराणीत वाचून किंवा बोलून रेकॉर्ड करावं. फोन तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ'ची हवा माइकवर आदळत नाही. पंखा बंद, कुकर झाल्यावर. दोन-दोन मिनिटांच्या वेगळ्या फाइली, नाव 'आठवडा १ तुकडा ३' असं. बोललेलं वहीत लिहूनही ठेवा, नाहीतर ताडणार कशाशी?

गोदाकाठची

सोन्यासारखी माहिती! इम्प्लांटवाल्या काकूंसाठी काही वेगळं? आणि बाजारात, लग्नात ऐकू यावं यासाठी गोंगाटातला सराव कधी सुरू करायचा?

कर्णिका

इम्प्लांट: दुसऱ्या कानाने थोडंफार ऐकू येत असेल तर सगळं काम तोच करून टाकतो आणि इम्प्लांटचा कान आळशी राहतो. म्हणून सरावाच्या वेळी आवाज थेट प्रोसेसरमध्ये (इम्प्लांटचा कानाबाहेरचा भाग) सोडायचा, दुसऱ्या कानातलं यंत्र काढून तिथे फोमचा बोळा. सुरुवातीला सगळे आवाज रोबोटसारखे किंवा चिरके वाटतात, ते अपेक्षित आहे. पहिले काही आठवडे मजकूर डोळ्यांसमोर धरून, ओळीवर बोट फिरवत ऐका. मग परिच्छेदातली शेवटची दोन वाक्यं झाकून, मग निम्मा परिच्छेद झाकून. सुधारणा सर्वात वेगाने पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, पुढेही वर्षभर होत राहते. या काळात रोजचा नागा नको, आणि मॅपिंगच्या, म्हणजे इम्प्लांटची जुळणी करून घेण्याच्या, तारखा चुकवू नका.

यंत्रवाल्यांना मात्र मजकूर समोर धरून ऐकण्याची चटक लागू देऊ नका. डोळ्याने वाचलेलं कानाने ऐकल्यासारखं वाटतं, तो भास फार गोड असतो.

गोंगाट: शांत खोलीत सलग ८५ टक्क्यांच्या वर गुण आल्यावरच. दोन फोन लागतात. एकावर पुस्तक, दुसऱ्यावर गोंगाट. तिसऱ्या फोनवर आवाज मोजायचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या. ते डेसिबलचा आकडा बिनचूक देईलच असं नाही, पण दोन आवाजांतला फरक बऱ्यापैकी दाखवतं आणि आपल्याला तेवढंच हवंय. ऐकणाऱ्याच्या डोक्याजवळ धरून आधी फक्त पुस्तक मोजा, मग फक्त गोंगाट. पुस्तक १० डेसिबल वर असू दे. जमलं की ८, मग ५. शून्यापर्यंत खेचायची गरज नाही, माणूस वैतागून यंत्र कपाटात ठेवून देईल.

गोंगाटही पायरीने: आधी पंखा किंवा एक्झॉस्टचा एकसुरी आवाज, मग रविवार कारंज्यासारख्या ठिकाणी फोनवर टिपलेली रहदारी, सगळ्यात शेवटी माणसांचा कलकलाट. माणसांचा आवाज सर्वात अवघड, कारण तो आपल्याला हव्या असलेल्या पट्टीतच असतो आणि यंत्रालाही तो नीट वेगळा काढता येत नाही.

अपेक्षांबद्दल स्पष्ट सांगते. ज्या प्रकारचा सराव कराल त्यात सुधारणा नक्की दिसते, रोजच्या संभाषणात ती त्यामानाने कमी उतरते. आणि यंत्र नीट बसवलेलंच नसेल तर सराव पाण्यात. कानात बारीक नळी घालून यंत्र पडद्याजवळ किती आवाज पोचवतंय हे मोजण्याची चाचणी असते, रिअल इअर मेजरमेंट. ती झाली आहे का, हे विचारायला संकोच नको. भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडेच जा. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्था नाशिकहून एका दिवसात होण्यासारखी आहे.

कुणाचा एक कान अचानक, एक-दोन दिवसांत बंद झाला तर ऑडिओबुक वगैरे बाजूला. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. तिथे उशीर महागात पडतो.

सातपूरकर

बैठकीआधीची तपासणी राहिलीच. म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज दोन मीटरवरून, पाठीमागून, मधे कमी-जास्त वेळ सोडत म्हणा. ऐकणाऱ्याने जसाच्या तसा परत म्हणायचा. काल येणारा 'स' आज येत नसेल तर आधी यंत्र बघा: टोकाची मळाची जाळी तुंबलेली असते, किंवा सेल उतरलेला. झिंक-एअर सेलचा स्टिकर काढल्यावर लगेच कोंबू नका, एक-दोन मिनिटं हवा लागू द्या. ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. काढलेला स्टिकर परत लावून सेल "वाचत" नाही. ब्लूटूथवर सेल लवकर संपतो, तेव्हा बैठकीच्या मध्यातच गुण घसरले तर सेल बदलून तोच तुकडा परत घ्या.

जून ते सप्टेंबर रोज रात्री सेल काढून यंत्र घट्ट झाकणाच्या डबीत, सिलिका जेलसोबत. दाण्यांचा रंग बदलला की ते ओलावले. तव्यावर मंद आचेवर दाणे सुकवा, यंत्र नव्हे (हे लिहावं लागतंय, काय करणार). उन्हात किंवा हेअर ड्रायरखालीही नको.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. वहीचे रकाने असे आखलेत: तारीख, सहा आवाज, जोडी आणि वीसपैकी किती, पुस्तक आणि पान, एकूण शब्द, बरोबर शब्द, थेट की स्पीकर, चुकलेले शब्द. दर पंधरा दिवसांनी तोच उतारा देऊन मोजणार आहोत. आठ आठवड्यांत चार वेळा.

अक्षरमाळ

तोच उतारा नको. दुसऱ्या खेपेला पाठ झालेला असतो. आजच एकाच निवेदकाचे, साधारण सारख्या लांबीचे पाच उतारे काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सरावात त्यांना हात लावू नका. एक सुरुवातीला, मग दर पंधरवड्याला एक. स्पीकर, खुर्ची आणि आवाजाची पातळी दर वेळी तीच. खुर्चीच्या पायांशी फरशीवर खडूने खूण करून ठेवा.